रुमाल आणि सुपारी

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. फराळाचे डबे तळाला गेले होते आणि माझी सुट्टी त्याआधीच संपल्यात जमा होती. पुण्याहून ऑफिसचा निरोप होता, बोर्डाचं सर्किट सोमवारी पक्कं हवं. म्हणून उज्जैनच्या फ्रीगंजात, काकांच्या जेवणाच्या टेबलावर, पोह्यांची बशी आणि लॅपटॉप शेजारी शेजारी मांडून मी बसले होते.

काका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले. आमचं घराणं शिंद्यांच्या चाकरीत माळव्यात आलं आणि इथलंच झालं. काकांच्या मराठीला मधूनच हिंदीची फोडणी बसते, पण सर्किटच्या बाबतीत त्यांना भेसळ चालत नाही.

हातातलं काम घरगुती पंपाच्या कंट्रोलरचं होतं. टाकी भरली की पंप बंद करायचा, विजेचा दाब फार उतरला किंवा चढला तरी बंद करायचा. आराखडा कीकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला, त्यात ५८ रेझिस्टर आणि ४४ कपॅसिटर. पहिल्या रात्री, कल्पना डोक्यात ताजी असताना, मी सगळीकडे साधी चिन्हं टाकत गेले होते. रेझिस्टर म्हणजे नुसता 'आर', कपॅसिटर म्हणजे नुसता 'सी', शेजारी व्हॅल्यू. कुठल्या कंपनीचा, केवढा, किती व्होल्टचा, ते नंतर बघू. ते 'नंतर' आता येऊन ठेपलं होतं. या सगळ्या तात्पुरत्या चिन्हांच्या जागी आमच्या लायब्ररीतली पक्की चिन्हं बसवायची होती. त्यांच्या पोटात पार्ट नंबर, पॅकेज, व्होल्टेज असं सगळं आधीच भरलेलं असतं.

काका : काय चाललंय?

मी : रुमाल उचलतेय.

काका : कसले रुमाल?

मी : एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे. सर्किट काढताना मी नुसते रुमाल टाकले होते. आता खरे प्रवासी आलेत, त्यांना बसवायचंय. एकेकाला हाताला धरून नाही, सगळ्यांना एकदम.

काका : एकदम? किती आहेत?

मी : शंभरच्या वर.

काका : मग ते रुमाल नव्हेत. वास्तुशांतीला नवग्रह मांडतात ते पाहिलंयस ना? चौरंगावर नऊ सुपाऱ्या. नऊही दिसायला सारख्या. पण मधली रवीची, दक्षिणेकडची मंगळाची. गुरुजींनी नाव घेऊन बसवली की ती सुपारी राहत नाही. मंगळनाथाच्या गावात हे मी तुला सांगायचं? तुझ्या रुमालावर कोण बसणार याच्याशी रुमालाला देणंघेणं नाही. सुपारीच्या जागी कोण आहे हे मांडतानाच ठरलेलं असतं. तुझ्या सर्किटातला प्रत्येक 'सी' तू काहीतरी मनात धरून काढलास ना?

मी : धरलं असेल. पण आता महिना झाला.

काका : तेच तर म्हणतोय. म्हणून एकेक बघून बदल.

मी : काका, एकेक बदलायचं म्हणजे जुनं चिन्ह पुसायचं, नवं आणायचं, नेमकं त्याच जागी ठेवायचं, नंबर द्यायचा, व्हॅल्यू लिहायची. शंभर वेळा. शिवाय यात एक गोम आहे. इथल्या प्रत्येक चिन्हाला आतून एक ओळखक्रमांक असतो आणि बोर्डावरचा भाग त्या क्रमांकाने चिन्हाशी बांधलेला असतो. चिन्ह पुसून नवं आणलं की क्रमांक नवा. मग बोर्ड अद्ययावत करताना सॉफ्टवेअर म्हणतं, जुना गेला, हा कोणीतरी नवीन आलाय. मी आठवडाभर मांडलेली जागा गेली.

काका : त्याला काही उपाय असेल की.

मी : आहे, नंबरावरून नाती पुन्हा जुळवता येतात. पण ती जुळवाजुळव करायचीच कशाला? 'एडिट' मेनूत 'चेंज सिम्बॉल्स' आहे. तो विचारतो, कोणती बदलू? सगळी? निवडलेली? अमुक नंबराची? अमुक व्हॅल्यूची? की अमुक लायब्ररीतून आलेली? सांगितलं की तिथल्या तिथे चिन्ह बदलतं, ओळख तीच राहते. ऑरकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही आहे हे, डिझाइन कॅशमध्ये जाऊन 'रिप्लेस कॅश'. जगभर सगळे असंच करतात.

'जगभर सगळे' हे शब्द काकांपुढे उच्चारायचे नसतात. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

काका : आमच्या वेळी ट्रेसिंग पेपरवर शाईनं सर्किट काढायचो. बदल करायचा तर दाढीच्या ब्लेडनं शाई खरवडायची. जोरात खरवडलं तर कागद फाटायचा, हळू खरवडलं तर डाग राहायचा. पण त्या दोन मिनिटांत त्या एका ट्रान्झिस्टरकडे माणूस बघायचा. याला बेस कुठून येतो, कलेक्टर कुठे जातो. ब्लेड चालवता चालवता सर्किट पुन्हा समजायचं. तुझ्या त्या 'चेंज'मध्ये तू एकाकडे तरी बघणार आहेस का?

मी : बघितल्यानं सगळं कळतं असं नाही. आणि थकल्यावर तर कोणी बघतच नाही.

काका : जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले तेव्हाची गोष्ट सांगतो. एसी १२८ वर चालणारे जुने अँप्लिफायर लोकांकडे भरपूर. दुकानदार म्हणायचे, सिलिकॉन टाका, तोही पीएनपी, हाही पीएनपी, काम तेच. टाकला की आवाज फाटायचा. का? जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर बेसला पाव व्होल्टच्या आसपास मिळालं की जागा होतो, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात. भाग बदलला, पण त्याला उठवणारे रेझिस्टर जुनेच. शेजार बदलल्याशिवाय माणूस बदलता येत नाही, भई.

मी : हे मान्य. पण तुमचं उदाहरण चुकीचा भाग निवडण्याचं आहे. एक बदला नाहीतर शंभर, चूक तीच. माझा भाग बरोबर असेल तर शंभर वेळा बरोबरच बसेल. हातानं केलं तर त्यातले तीन-चार चुकतील आणि ते कोणते हे कळणारही नाही. हिशेबाचं बघा ना, वहीत बेरीज करणारा थकतो, यंत्र थकत नाही.

काका : थकत नाही, आणि थांबतही नाही. बरं, दाखव.

दाखवलं. कीकॅडच्या खिडकीत 'व्हॅल्यू जुळणारी' हा पर्याय निवडला, चौकटीत १००एन लिहिलं. नव्या चिन्हाच्या रकान्यात आमच्या लायब्ररीतला १०० नॅनोफॅरडचा, ५० व्होल्टचा, ०६०३ आकाराचा सिरॅमिक कपॅसिटर. खाली कोणत्या नोंदी बदलायच्या त्यावर खुणा करायच्या असतात. तिथं मी नेहमी दोनदा बघते, कारण एकदा व्हॅल्यूवरची खूण तशीच राहिली होती आणि बोर्डावरच्या सगळ्या रेझिस्टरांवर ४.७के, १०के जाऊन नुसतं 'आर' आलं होतं. लायब्ररीतल्या साध्या चिन्हात तेवढंच लिहिलेलं असतं. बटण दाबलं. खालच्या पट्टीत अहवाल सरसर उतरला, तेवीस ओळी. हा बदलला, तो बदलला. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

मी : झालं. चहा घ्या.

काकांनी चष्मा लावला आणि अहवाल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. विद्यार्थ्यांची जर्नलं तपासताना ते असंच वाचत असणार, ओठ हलवत.

काका : हा सी-१ कुठे आहे?

मी : पहिलाच आहे म्हणजे सुरुवातीला. विजेची तार आत येते तिथे.

काका : कशा-कशाच्या मध्ये?

मी गप्प झाले. पान वर सरकवलं. सी-१ फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये होता.

ज्यांना या वस्तूंशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. घरच्या विजेला आपण २३० व्होल्ट म्हणतो, पण तिची लाट वर चढते तेव्हा ३२५ व्होल्टला टेकते. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये जो कपॅसिटर बसवतात तो एक्स-२ नावाच्या वर्गाचा, फिल्मचा, बहुधा २७५ व्होल्ट एसीचा शिक्का असलेला, काड्यापेटीच्या खोक्यासारखा चौकोनी ठोकळा असतो. त्याच्या आतल्या पडद्याला छिद्र पडलं तर भोवतालचा धातूचा पातळ थर तेवढ्यापुरता उडून जातो आणि तो स्वतःला सावरतो. मी त्याच्या जागी नुकताच १.६ मिलिमीटर लांबीचा, मोहरीच्या दाण्याएवढा, ५० व्होल्टचा तुकडा बसवला होता. तो सावरत बसला नसता. तडकून शॉर्ट झाला असता, आणि पुढे फ्यूज आधी उडतो की बोर्डाची पट्टी, एवढाच प्रश्न उरला असता. सॉफ्टवेअरच्या बाजूनं पाहिलं तर काही चुकलं नव्हतं. मी १००एन म्हटलं, त्यानं १००एन बदलले.

मी कंट्रोल आणि झेड दाबलं. तेवीसही जुने 'सी' परत आले.

काका : मी म्हणत होतो ते हेच.

मी : नाही काका. तुम्ही म्हणत होता हातानं कर. हातानं करतानाही तिथं नुसतं १००एनच लिहिलेलं असतं. पहिल्याला तुम्ही तार कुठून येते ते बघितलं असतं, दुसऱ्यालाही. तेविसाव्याला?

काका : तेविसाव्यालाही.

मी : खरंच?

स्वयंपाकघरात काकूच्या कुकरची शिट्टी झाली. काका जरा वेळ बशीतल्या शेवेशी खेळत राहिले.

काका : एकदा प्रयोगशाळेसाठी तीस किट करायची होती. आराखड्यात बीसी ५४७, बाजारात मिळाले टू-एन ३९०४. दोन्ही एनपीएन, दोन्ही काळे, अर्धगोल. सपाट बाजू आपल्याकडे धरली की ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. ३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. म्हणजे प्रत्येक उलटा फिरवून लावायचा. मी स्वतः लावले, एकेक, हातानं. मधे कोणीतरी चहा घेऊन आलं. नंतर दोन किट नीट चालेनात. उलटा लावलेला ट्रान्झिस्टर मरत नाही ना, अर्धवट चालतो. गेन एकदम कमी. पोरं आठवडाभर रेझिस्टर बदलत बसली, आणि मी त्यांना म्हणत होतो, तुमची जोडणी तपासा.

मी : आणि तुमच्या ३९०४ ची गंमत इथेही होते. दोन चिन्हांची टोकं कागदावर एकाच जागी असतील पण आतले पिन नंबर वेगळे असतील, तर तारा जागच्या जागी दिसतात. चित्र तेच. तपासणी लावली तरी ती काही बोलत नाही, कारण तार सुटलेलीच नसते, चुकीच्या पायाला गेलेली असते. चिन्ह लहान-मोठं असेल तर उलट बरं. नेहमीच्या 'आर'ची टोकं मध्यापासून ३.८१ मिलिमीटरवर, छोट्या 'आर'ची २.५४ वर. ते बदललं की तारा लोंबकळतात आणि तपासणी बोंब मारते. बोंब मारणारी चूक परवडते.

काका : म्हणजे माझं हातानं करणंही गेलं आणि तुझं एकदम करणंही गेलं. मग राहिलं काय?

मी : ते मलाही कळत नाहीये.

काका : चल, वेधशाळेत जाऊन येऊ. ऊन आहे तोवर.

काकांची ही जुनी सवय. घरातलं कोणतंही भांडण सुटेना की ते स्कूटर काढतात आणि क्षिप्रेच्या बाजूला, जयसिंगाच्या वेधशाळेत नेतात. अठराव्या शतकात सवाई जयसिंगानं पाच गावांत वेधशाळा बांधल्या, त्यांतली ही एक. पुढे ती मोडकळीला आली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद तिचे अधीक्षक झाले. आपट्यांचं नाव आमच्या घरात इतक्या आपुलकीनं घेतात की लहानपणी मला ते आमचे कोणीतरी नातेवाईकच वाटायचे.

सम्राट यंत्र म्हणजे दगडी जिना आणि दोन्ही बाजूंना कमानीसारखे चाप. जिन्याची तिरपी कड क्षितिजाशी सुमारे २३ अंशांचा कोन करते. तेवढाच उज्जैनचा अक्षांश, म्हणून ती कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते. तिची सावली सकाळी पश्चिमेच्या चापावर पडते आणि तिथं वेळ वाचता येते.

काका : किती वाजले सांग. मोबाइल खिशात.

सावलीची कड थोडी धूसर असते, बोट लावून ठरवावी लागते. मला दहा वाजून वीस मिनिटं दिसली.

काका : ही उज्जैनची वेळ. आता भारताची सांग.

हे मला ठाऊक होतं. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशाची, उज्जैन ७५ अंश ४६ कलांवर. दर अंशाला चार मिनिटं धरली की फरक २७ मिनिटांचा.

मी : दहा वीस अधिक सत्तावीस, दहा सत्तेचाळीस.

काका : आता काढ मोबाइल.

मोबाइलवर दहा एकतीस झाले होते. सोळा मिनिटं चुकलं होतं. काकांनी शेजारच्या फलकाकडे बोट केलं. त्यावर तारखेनुसार दुरुस्तीचा तक्ता असतो.

काका : तुझे २७ बरोबर आहेत. वर्षातल्या प्रत्येक दिवसाला तेच मिळवायचे, त्यात बदल नाही. ते तू एकगठ्ठा मिळव, कोणी हरकत घेणार नाही. पण सूर्य घड्याळासारखा चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबगोल, आस कललेला, त्यामुळे फेब्रुवारीत तो घड्याळाच्या १४ मिनिटं मागे पडतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे पळतो. म्हणून आज २७ मधून १६ वजा, ११ मिळवायचे. फेब्रुवारीत ४१. हा भाग दिवसागणिक वेगळा. तो तक्त्यातच बघावा लागतो.

मी : म्हणजे दुरुस्ती एकच दिसते, पण आत दोन आहेत.

काका : एक गावाची, एक दिवसाची. गावाची सगळ्यांना सारखी, दिवसाची ज्याची त्याला. तू घरी काय केलंस? दोन्ही एकाच खात्यात टाकल्यास.

मी : आणि तुम्ही गावाचीसुद्धा रोज नव्यानं मोजायला सांगत होता.

काका हसले. जिन्याच्या सावलीत आम्ही बसलो. जुन्या ज्योतिषांनी शून्य रेखांश धरला तो याच गावावरून. त्या गावाला आता आपल्या वेळेत २७ मिनिटं मिळवून देशाची वेळ काढावी लागते, याची काकांना जराशी खंत आहे. १ जानेवारी १९०६ ला देशाची घड्याळं एका वेळेवर आणायची ठरली, हाही एकगठ्ठा बदलच. मुंबईनं तो मानला नाही. तिची ३९ मिनिटं मागची वेळ त्यानंतर कित्येक वर्षं टिकून राहिली.

काका : मुंबईचा हट्ट होता म्हणतात. मला नाही वाटत. सकाळी पाण्याला उठणाऱ्या माणसाला त्याच्या गावचा सूर्य लागतो, आगगाडीला देशाची वेळ लागते. दोघांचं काम वेगळं. काम न विचारता घड्याळ बदललं की माणूस बिथरतो.

मी : काम न विचारता. काका, सी-१ ला मी १००एन म्हटलं, ही त्याची व्हॅल्यू झाली. त्याचं काम मी लिहिलंच नव्हतं. बाकीचे कपॅसिटर चिपच्या पायाशी बसून पुरवठ्यातली खळखळ गिळतात. हा विजेच्या दारात उभा आहे. व्हॅल्यू एक, काम वेगळं. पहिल्या रात्री मला ते माहीत होतं. म्हणूनच मी तो तिथं काढला. पण कागदावर उतरवला तो नुसता 'सी'.

काका : सुपारी मांडलीस, नाव घेतलं नाहीस.

मी : आणि सॉफ्टवेअरला नाव वाचता येतं, मनात काय होतं ते नाही.

काका : माझ्याकडे पोरं येतात ना शिकायला, ती आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम हे सॉफ्टवेअर वापरतात. फुकट आहे, गरीब घरच्या पोरालाही चालतं. चित्र तुझ्या कीकॅडमध्येच काढायचं, मग ते सर्किट चालवून बघणाऱ्या एनजीस्पाइसकडे पाठवायचं. त्यात ट्रान्झिस्टरचं नुसतं चिन्ह चालत नाही. तो कोणता, त्याचं मॉडेल कोणतं, हे जोडल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. पोरं वैतागतात. मी म्हणतो, वैतागा, पण सांगा.

मी : छापील बोर्डाला तशी सक्ती नसते. तिथं नुसता 'सी' शेवटपर्यंत तग धरतो, थेट खरेदीच्या यादीपर्यंत.

परतताना मी स्कूटरवर मागे बसून मनातल्या मनात सर्किटभर फिरत होते. ज्यां-पिएर शारास यांनी ग्रनोब्लच्या शिक्षणसंस्थेत १९९२ मध्ये सुरू केलेलं, पुढे २०१३ पासून सर्नचा हातभार लागलेलं कीकॅड आज फुकट मिळतं आणि शंभर चिन्हं क्षणात बदलतं. पण त्यानं ती कशावरून ओळखायची हे पहिल्या रात्रीच्या मलाच सांगायचं होतं, आणि तिला झोप आली होती.

घरी आल्यावर आम्ही बदलाला हात लावला नाही. आधी तक्ता उघडला. कीकॅडमध्ये सगळ्या चिन्हांच्या नोंदी एका मोठ्या तक्त्यात दिसतात आणि हवे ते रकाने वाढवता येतात. मी दोन रकाने वाढवले. एकाला नाव दिलं 'काम', दुसऱ्याला 'किती व्होल्ट सोसणार'. मग काकांनी नंबर वाचायचा, मी आराखड्यात तिथं जायचं, तार कुठून येते बघायचं आणि लिहायचं. पेन्सिल काकांच्या हातात. त्यांना पडद्यावर टिक करता येत नाही असं नाही, करायची नाही.

मी : सी-१, विजेचं दार, २७५ एसी. सी-२, चिपच्या पायाशी, ३.३. सी-३, तेच.

काका : सी-१७?

सी-१७ रिलेच्या संपर्काला समांतर होता. पंपाची मोटार बंद होताना संपर्कात ठिणगी पडते, ती विझवायला १०० ओहमचा रेझिस्टर आणि १००एन असा जोडीनं बसवलेला. संपर्क उघडला की त्या जोडीवरही विजेचाच दाब. म्हणजे हाही एक्स-२. सकाळी सी-१ काकांच्या नजरेला पडला, पण सी-१७ त्यांनाही दिसला नव्हता. अहवालात तो मधल्या कुठल्यातरी ओळीत होता आणि तोवर आमचं भांडण जुंपलं होतं.

काका : बघ. बघणाऱ्यालाही नाही दिसला. लिहिणाऱ्याला दिसला.

मी : तुमच्या सुपारीचा गुण.

काका : नाही गं. बघताना मी चूक शोधत होतो. आता आपण फक्त नाव विचारतोय.

रेझिस्टरांतही तेच निघालं. ४७०के चे चार होते. तीन एकामागून एक लावून विजेचा दाब मोजायच्या वाटेवर, चौथा चिपच्या एका पायाला आधार द्यायला. सगळे ०६०३ केले असते तर मोजणीच्या वाटेवरच्या प्रत्येकावर लाटेच्या शिखराला सुमारे १०८ व्होल्ट आले असते, आणि त्या आकाराचा रेझिस्टर साधारणपणे ७५ व्होल्टपर्यंतच सोसतो. तिथं १२०६ हवेत, त्यांना २०० चालतात. चौथ्याला ०६०३ पुष्कळ.

दीड तास गेला. काकांच्या कागदावर टिका आणि दोन-तीन गोल. तेवीस १००एन पैकी वीस चिपच्या पायाशी बसणारे, एक रीसेटच्या पायाला, दोन एक्स-२. आता तक्ता 'काम' या रकान्यावरून लावला तेव्हा गठ्ठे आपोआप वेगळे पडले. वीस आणि एक मिळून एकवीस जणांना एकच भाग चालतो, तो एकदम. दोघांना दुसरा. मोजणीच्या तिघांना तिसरा.

बदलाच्या आधी मी जोडण्यांची यादी, म्हणजे कोणत्या भागाची कोणती पिन कोणत्या तारेला, अशी फाइल काढून ठेवली. बदलानंतर दुसरी काढणार आणि दोन्ही समोरासमोर धरणार. भाग बदलले तरी जोडण्या तशाच राहायला हव्यात. एक ओळ जरी हलली तर काकांचा ३९०४ कुठेतरी उलटा बसला आहे.

मी : तयार आहे. एकेक करू?

काका : आता कशाला एकेक?

मी : सकाळी म्हणत होता.

काका : सकाळी गठ्ठा बांधलेला नव्हता. सरक, बटण मला दाबू दे.

त्यांनी माउस धरला, खुणांच्या चौकटी एकदा वरून खाली वाचल्या, व्हॅल्यूवरची खूण काढलेली आहे ना हे मला विचारलं, आणि दाबलं. एकवीस ओळी सरसर उतरल्या. त्यांनी त्या सगळ्या वाचल्या. मग बाकीचे गठ्ठे. शेवटी दोन्ही याद्या शेजारी लावल्या. जोडण्यांत एकही ओळ हलली नव्हती.

काका : सगळे बसले?

मी : फ्यूज सोडून. गिऱ्हाईक अर्ध्या अश्वशक्तीची मोटार लावणार की एकची, हे अजून ठरत नाही. त्याच्या जागी रुमालच आहे.

काका वाकून पडद्याकडे बघू लागले. फ्यूजच्या 'काम' या रकान्यात मी लिहिलं होतं : मोटारीचा करंट कळल्यावर ठरवणे, तोवर खरेदी करू नये.

काका : रुमाल कुठे? नाव घातलंयस की.

आतून काकूचा आवाज आला, पानं घ्यायची आहेत, टेबल मोकळं करा. मी फाइल जतन करून लॅपटॉप मिटला. काकांनी टिकांचा कागद घडी करून माझ्या बॅगेत सरकवला आणि सोमवारी ऑफिसात तो हरवू नकोस म्हणाले.